सहावं नोझल

पोचू मिस्त्रीबद्दल मला किती थोडं माहीत आहे, हे मला चांद्याच्या दवाखान्यात कळलं. कागदावर नाव लिहून घेणाऱ्या माणसाने विचारलं, "बापाचं नाव?" मी सोमाजी ड्रायव्हरकडे पाहिलं, सोमाजीने माझ्याकडे. आडनाव विचारलं, तेही आम्हाला सांगता आलं नाही, आणि त्याची बायको आत खाटेशी होती. गाव? सिरोंच्याकडचं, एवढं मी म्हणालो. वय? त्या माणसाने शेवटी स्वतःच अंदाजाने चाळीस लिहिलं. दोन उन्हाळे मी पोचूबरोबर एकाच कूपवर काढले होते, एकाच विहिरीचं पाणी प्यायलो होतो. तरी जे मला सांगता आलं ते एवढंच. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते त्याचं चरित्र नाही. त्याच्या चार दिवसांचं मी पाहिलं तेवढं आहे, आणि तेही मी सगळं नीट पाहिलं असेल असं नाही.

साल सत्तावन्न. आलापल्लीच्या पलीकडे चोवीस मैलांवर आमच्या ठेकेदाराचा सागाचा कूप, म्हणजे तोडीला घेतलेला जंगलाचा तुकडा, होता. मी तिथे मुनशी. तोडलेल्या ओंडक्यांची मापं लिहायची आणि ट्रक निघाला की लाकडाच्या रहदारीचा पास फाडून द्यायचा, हे माझं काम. ट्रक दोन होते, दोन्ही डिझेलवर चालणारे. तेव्हा ते आमच्याकडे नवलाचे होते. बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस नागपूरपर्यंत मिळत नसे. म्हणून ठेकेदाराने पोचूला कुठून तरी आणलं होतं.

डिझेलच्या इंजिनात एक पंप असतो. तो तेल फार जोराने ढकलतो, आणि नोझल म्हणून बोटाएवढी एक तोटी असते, तिच्यातून ते तेल धुक्यासारखं आत उडतं. धुकं नीट असेल तर गाडी ओढते. पिचकारी झाली तर धूर काढते आणि चढावर दम तोडते. पोचूने सागाच्या जाड फळीवर दांडा असलेलं एक तपासणी यंत्र बसवलं होतं. नोझल त्याला लावायचं, दांडा दाबायचा आणि कान द्यायचा. चांगलं नोझल भुंग्यासारखं गुणगुणतं. खराब असलं की गप्प राहतं किंवा टपटप गळतं. पोचू त्यांच्याशी लेकरांशी बोलावं तसं बोलायचा. "बोल माय, बोल. काऊन रुसली?"

सोमाजी त्याला चिडवायचा, "पोच्या, बायकोशी तं इतकं बोलत नाई तू."

"बायको धूर नाई काढत," पोचू म्हणायचा. "अन् तू गाडी चालवतेस का रेडा हाकतेस, ते सांग अगुदर. मी दुरुस्त करतो, तू मारतेस."

बायको बुधरी. माडिया होती, तिथल्याच एका पाड्यावरची. तिला मराठी थोडी येई, मला तिची भाषा मुळीच नाही. पोचूला दोन्ही येत, शिवाय तेलुगू आणि महायुद्धाच्या लढाईत शिकलेली हिंदी.

लढाईत तो कुठल्याशा विमानतळावर फिटरच्या हाताखाली होता. तिथलं तो एकच सांगायचा, पण पुन्हा पुन्हा. काही विमानांच्या इंजिनात उडताना जास्तीचा जोर यावा म्हणून पाणी आणि मेथिल स्पिरिट मिसळून फेकणारा एक लहान पंप असे. रोज सकाळी तो पंप तपासायचा. कसा, तर तोटीसमोर तळहात धरायचा. स्पिरिट हवेत उडून जातं, म्हणून फवारा बारीक असेल तर हात थंडगार पडतो. जाड असेल तर नुसता ओला होतो. "साहेबाकडं घड्याळवाली मशीन होती," तो म्हणायचा, "पण अगुदर मलेच विचारे. पोचू, ठंडा है? मी म्हणो, ठंडा है साब. मंगच इमान उडे."

डिझेलचा जोर त्या स्पिरिटच्या पंपाच्या कितीतरी पट असतो. हे पोचूला ठाऊक होतं. म्हणूनच तो डिझेलचं नोझल कागदावर तपासायचा. हातभर अंतरावर कागद धरायचा, एकदा दांडा मारायचा, आणि कागदावर उमटलेला डाग पाहायचा. गोल डाग म्हणजे चांगलं नोझल. हा कागद त्याला मी देत असे. कूपवर वर्तमानपत्र येत नव्हतं. दुकानाच्या पुड्यांचे कागद, जुन्या वह्यांची पानं, जे असेल ते मी देई.

चैत्रात मोठा ट्रक काळा धूर काढू लागला. दुसरा ट्रक लाकूड घेऊन बल्लारशाला गेला होता, तो चार दिवसांनी यायचा. पोचूने मंगळवारी सकाळी मोठ्या ट्रकचा पंप उतरवला, सहाही नोझलं काढली, आणि दहाच्या सुमाराला माझ्या झोपडीच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाबू, दोनचार कागद पाह्यजे."

माझ्याकडे साधा कागद उरला नव्हता. होते ते रद्द झालेले पास. चुकलेला पास फाडून टाकायचा नसतो, त्यावर नंबर असतो. तपासणीला येणाऱ्या साहेबाला तो दाखवावा लागतो. साहेब शुक्रवारी येणार होता. मी तो गठ्ठा आदल्याच दिवशी सुतळीने बांधून वर लाख लावली होती.

"नाई रे पोचू," मी म्हणालो. "हे नंबरचे आहेत. तपासणी आहे."

"एक बी नाई?"

"एक बी नाई."

तो हसला. "बरं. हात तं आहे ना बापा."

हे तो खरंच म्हणाला, आणि मी खरंच ऐकलं. मी उठलो नाही. मला वाटलं, तो थट्टा करतो आहे. खरं म्हणजे तसं वाटलं की नाही, हेही आता मला नक्की सांगता येत नाही. मी खाली मान घालून मापं लिहीत राहिलो, एवढं नक्की.

पाच नोझलं नीट निघाली. सहाव्याला त्याने हात झटकल्याचं मला दारातून दिसलं. मी जाऊन पाहिलं. उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या खालच्या गादीवर, एक ठिपका होता. डास चावल्यासारखा. रक्ताचा एक थेंब आला, तो त्याने चिंधीने पुसला.

"दुखते का?"

"नाई. पण थंड नाई लागलं," तो म्हणाला, आणि हात उलटासुलटा करून पाहत राहिला. "गरम लागलं."

दुपारी तो जेवला. संध्याकाळी त्याने पाना उचलला आणि खाली ठेवला. बुधवारी सकाळी बुधरी मला बोलवायला आली. दारात उभी राहून तिने नुसता स्वतःचा उजवा हात पुढे धरला. मी तिच्यामागे गेलो. पोचूचा हात मनगटापर्यंत भोपळ्यासारखा फुगला होता. कातडी ताणून पांढुरकी, चकचकीत झाली होती, आणि बोटं निळसर. त्याच्या कपाळावर घाम होता.

पाड्यावरचा झिंगू म्हातारा मुळ्या-पाल्याचं औषध देत असे. त्याला आणलं. विंचू, साप, काटा, अस्वलाचा पंजा, सगळं त्याने पाहिलेलं. त्याने तो ठिपका दोन बोटांनी दाबला. आतून पाण्यासारखा एक थेंब आला. झिंगूने बोट नाकाशी नेलं, मग माझ्या नाकाशी धरलं. डिझेलचा वास होता.

"हे रानातलं नाई," झिंगू म्हणाला. "याची मुळी माह्याजवळ नाई. चांद्याले न्या. आज न्या."

त्याने पाला बांधला नाही, मंत्रही म्हटला नाही. काठी घेतली आणि निघून गेला. मला तेव्हा त्याचा राग आला होता. पुढे कळलं की त्या दोन दिवसांत खरं बोललेला पहिला माणूस तोच.

आज त्या बाजूला हेमलकशाला दवाखाना आहे. तेव्हा आलापल्लीला एक कंपाउंडर होता आणि मोठा दवाखाना थेट चांद्याला. बैलगाडीने आलापल्ली गाठायलाच दोन दिवस. दुसरा ट्रक बल्लारशाला. आणि समोर उभ्या असलेल्या ट्रकचा पंप सुटा होऊन फळीवर पडला होता. त्याच्या सहा झडपा आणि सहा बारीक स्प्रिंगा सागाच्या पानांवर ओळीने मांडलेल्या होत्या. तो जोडू शकणारा माणूस चाळीस कोसांत एकच होता, आणि त्याचा उजवा हात गेला होता.

"मीच जोडतो," पोचू म्हणाला.

त्याने डाव्या हाताने पहिली झडप उचलली. ती त्याच्या बोटांतून निसटली. सोमाजी पुढे झाला, पण त्याची बोटं ओंडके बांधून जाड झालेली, त्यात ती स्प्रिंग दिसेनाशीच होई. पोचूने माझ्याकडे पाहिलं.

"बाबू, तुमचे हात द्या."

"मले काही येत नाई पोचू."

"मले येते. तुमी फक्त हात द्या. लेखणीचे हात आहे, बाईसारखे. आज कामी येतीन."

सोमाजी हसला, मग हसल्याचं त्यालाच वाईट वाटलं.

मी आयुष्यात कधी पाना धरला नव्हता. पोचू फळीला टेकून बसला, फुगलेला हात बुधरीच्या मांडीवर ठेवून, आणि सांगू लागला. पहिली झडप पहिल्या घरात. प्रत्येक झडप साफ डिझेलमध्ये बुडवायची, चिंधीने पुसायची नाही, चिंधीचा तंतू आत जातो. वर स्प्रिंग. मग टोपण, हाताने तीन आटे, मग पान्याने. "जास्त नाई. आंब्याची कोय फुटाची नाई इतकं." असं एक एक. तिसऱ्या घराच्या वेळी माझ्या बोटांतून स्प्रिंग उडाली आणि खालच्या वाळूत गेली.

मी गुडघ्यांवर बसून वाळू चिवडू लागलो. सोमाजी ओरडला, "हलू नोका! बाबू, पाय नोका हलवू!" पोचूने डोळे मिटले. बुधरीने त्याचा हात हळूच खाली ठेवला, घरातून सूप आणलं, मला बाजूला सारलं आणि ती वाळू ओंजळीने सुपात घेऊन पाखडू लागली. मोहफुलांतला कचरा पाखडायची सवय असलेले तिचे हात. पाचव्या सुपाला कडेला काही चमकलं. तिने ती स्प्रिंग माझ्या तळहातावर ठेवली, आणि माझी बोटं आपल्या हाताने मिटवली.

दुपारपर्यंत सहाही झडपा बसल्या. मग नोझलं. पाच आम्ही घेतली. सहावं पोचूने हातात घेऊन पाहिलं.

"याले तपासा लागते. तोंडात कचरा असन."

त्याने सांगितल्याप्रमाणे मी ते उघडलं, बांबूच्या बारीक काडीने तोंड साफ केलं, यंत्राला लावलं. मग झोपडीत गेलो, लाख फोडली, सुतळी तोडली आणि रद्द पासांचा सगळा गठ्ठा घेऊन आलो.

पोचूने गठ्ठ्याकडे पाहिलं. "एकच घ्या बाबू," तो म्हणाला. "बाकीचे बांधून ठेवा. तपासणी आहे तुमची."

यात टोमणा नव्हता. मी आजवर शोधतो आहे, टोमणा नव्हता.

मी कागद धरला, सोमाजीने दांडा मारला. कागदावर डाग पडला नाही. एका बाजूला भोक पडलं, सुईने टोचावं तसं, आणि कागद त्या भोकाभोवती ओला होत गेला. त्या हाताच्या आत काय झालं असेल, ते आम्हाला कागदावर दिसत होतं.

"तोंडच झिजलं," पोचू म्हणाला. "लावा तसंच. पाचावर ओढन, सहावं धूर काढन."

पंप इंजिनावर चढवला. तो बसवताना इंजिनाच्या चाकावरची एक खूण आणि पंपावरची एक खूण जुळवायची असते. सोमाजीने हँडलने इंजिन फिरवलं, मी खूण पाहून ओरडलो, बोल्ट कसले. मग नळ्यांमधली हवा काढायची, म्हणजे एकेक नळी सैल करून हाताने पंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून नुसतं तेल येईपर्यंत. सगळं झालं. सोमाजीने ट्रक सुरू केला. इंजिन खोकलं, पांढरा धूर भसकन आला, आणि बंद पडलं. पुन्हा. पुन्हा. बॅटरी मंद होऊ लागली.

"थांब!" पोचू ओरडला. त्याला ताप चढला होता, ओठ सुकले होते. तो स्वतःशीच काही पुटपुटत होता, तेलुगूत असेल. मग म्हणाला, "बाबू, खूण जुळवली तवा इंजिनातल्या पहिल्या सिलिंडरच्या झडपा पाह्यल्या होत्या? दोन्ही बंद होत्या?"

मी म्हणालो, "तू सांगितलं नाई."

"नाई सांगितलं?" तो माझ्याकडे बघत राहिला. "मी नाई सांगितलं?"

चाकावरची खूण दोन फेऱ्यांतून एकदाच खरी असते. आम्ही खोटी फेरी धरली होती. म्हणजे पंप पुन्हा सोडवायचा, फिरवायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा हवा काढायची. सोमाजीने हातातला पाना जमिनीवर आपटला आणि दुसऱ्या क्षणी उचलून घेतला. पोचू रडू लागला. दोन उन्हाळ्यांत त्याच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. "चूक माही आहे," तो म्हणत होता, "चूक माही आहे." बुधरीने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि त्याला तिच्या भाषेत काही म्हणाली. त्याने नाक ओढलं आणि तो म्हणाला, "चला. तेरा नंबरचा पाना घ्या."

बॅटरी उतरली होती, म्हणून गाडी उतारावर सोडली, तेव्हा साडेचारला ट्रक सुरू झाला. निळाकाळा धूर काढत, पण सुरू झाला.

सोमाजीशेजारी पोचू, त्याला धरून बुधरी, मी मागे रिकाम्या हौद्यात. प्रत्येक धक्क्याला आतून पोचूचा आवाज येई. आधी मला वाटलं तो कण्हतो आहे. मग ऐकलं, तो सोमाजीला सांगत होता: "आता गिअर टाक. आता नाई, आता. सहावं चुकून राह्यलं, तिकडं ध्यान नोको देऊ." आलापल्लीच्या कंपाउंडरने हात पाहिला, दुखणं कमी व्हायची एक सुई दिली आणि म्हणाला, थांबू नका. आष्टीला वैनगंगेवर पोचलो तोवर अंधार पडला होता. नावाड्यांनी अंधारात ट्रक नावेवर घ्यायला नकार दिला. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांचंही खरं होतं. आम्ही पहाटेपर्यंत काठावर थांबलो. त्या रात्रीचं मी लिहीत नाही.

गुरुवारी सकाळी दहाला चांद्याचा दवाखाना आला. हात कोपरापर्यंत काळा पडला होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी ठिपका पाहिला, बारीकसा, आणि विचारलं, "केव्हाचं?" मी सांगितलं, परवा सकाळचं. त्यांनी कोपराच्या वर दाबून पाहिलं. मग म्हणाले, जखम बाहेरून टाचणीएवढी असते, आतून सगळा हात तेलाने भरलेला असतो. त्याच दिवशी चिरून काढलं असतं तर बोटं वाचली असती. आता हात कोपराच्या वर कापावा लागेल, आणि विष वर चढलं आहे की नाही ते आत्ता सांगता येणार नाही.

दुपारी हात कापला.

शुक्रवारी साहेबाची तपासणी होती. ठेकेदाराचा निरोप चांद्याला त्याच्या माणसाकडे येऊन पडला होता, की ट्रक आणि मुनशी दोघे ताबडतोब परत हवेत. मला नाही म्हणता आलं असतं. सोमाजी म्हणालाही, "बाबू, तुमी राहा, मी सांगतो शेठले." मी राहिलो नाही. मला भीती कशाची वाटली, नोकरी जाण्याची की पोचूजवळ बसून राहण्याची, हे मी तेव्हाही नीट विचारलं नाही स्वतःला. बुधरी तिथे होती, एवढी सबब मी धरली.

पोचू पुढच्या मंगळवारी गेला. विष वर चढलंच होतं. बुधरीने एकटीने त्याला तिथेच माती दिली. ओळखीचं कुणी नव्हतं. आम्हाला शनिवारी कळलं, बल्लारशाहून आलेल्या दुसऱ्या ट्रकवाल्याने सांगितलं. बुधरी कूपवर परत आली नाही. पाड्यावर आली म्हणे, मग तिथूनही गेली. मी तिला शोधायला गेलो नाही.

शुक्रवारी सकाळी निघण्याआधी मी त्याच्या खाटेशी गेलो होतो. तो जागा होता. तापाने डोळे लाल, पण ओळखत होता. चादरीखाली उजवी बाजू सपाट दिसत होती, तिकडे मी पाहिलं नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "आम्ही निघतो पोचू. तपासणी आहे."

"हो. निघा," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "गाडी कुठी उभी आहे?"

"फाटकाबाहेर. कडुलिंबाखाली."

"तोंड उताराकडं आहे का?"

मला आठवेना. मी खिडकीतून पाहिलं.

"आहे," मी म्हणालो.

"मंग जमते," पोचू म्हणाला.